शेगडीवरची चार बाळं

१

"मेला तो वर, आणि चिखल माझ्या जिन्यावर. पोलिसांच्या आयांनी त्यांना पायपुसणं कधी दाखवलंच नसावं."

इमारतीच्या रखवालदारीण फ्राऊ हावलिक हे कुणालाच उद्देशून म्हणत नव्हत्या. गुडघ्यांखाली गोणपाटाची घडी घेऊन त्या पायरी घासत होत्या आणि बोलत होत्या ते बादलीशी. त्यांच्या मागे व्हालेरी ट्रॉयर एका पायावर उभी होती. दुसरा पाय नुकत्याच पुसलेल्या पायरीवर टेकवायची तिची छाती होत नव्हती.

"जाऊ का मी वर?"

"जा की. सगळं व्हिएन्ना गेलं, तुम्हीच काय घोडं मारलंय." मग मान वर न करता त्यांनी पुस्ती जोडली, "कडेकडेनं जा."

व्हालेरी कडेकडेनं गेली. १९७२ सालचा नोव्हेंबर होता, मृतात्म्यांचा सण नुकताच उलटला होता, आणि बाहेरचं धुकं जिन्यातही शिरलं होतं. त्यात जवसाच्या तेलाच्या साबणाचा तो उग्र, तेलकट वास. रखवालदारीण असलेल्या प्रत्येक जुन्या इमारतीला तो येतो आणि वरच्या मजल्यापर्यंत माणसाची पाठ सोडत नाही.

तिसऱ्या मजल्याच्या दारात इन्स्पेक्टर श्वेंडा टोपी हातात घेऊन उभे होते.

"या, ट्रॉयरबाई. तुमचं गिऱ्हाईक गेलं."

"गिऱ्हाईक कुठले. श्टीग्लरसाहेब मला नुसतं बघायला बोलवायचे. विकायचं नाव काढायचे नाहीत."

"मग तुम्ही कशाला यायचात?"

"कॉफी बरी असायची," व्हालेरी म्हणाली. तसं म्हटलं की रडू मागे सरतं, हा तिचा पन्नाशीपर्यंतचा अनुभव होता.

लिलावगृहात मूर्तींची पारख हे तिचं काम. शतकानं नुकती कूस पालटली होती, तेव्हा इथल्या कार्यशाळांतून चिनीमातीच्या ज्या शोभेच्या मूर्ती निघाल्या, त्या ती डोळे मिटून ओळखायची. हे ती कुठल्या शाळेत शिकली नव्हती. बाजारात उभी राहून, फसून, पुन्हा उभी राहून शिकली होती. आणि होफ्राट कायेतान श्टीग्लर यांच्या कपाटाइतकं देखणं कपाट तिनं खाजगी घरात दुसरं पाहिलं नव्हतं. होफ्राट हा सरकारी हुद्दा, पण इथे माणूस निवृत्त झाला तरी तो नावाला चिकटून राहतो. आता माणूस गेला होता. काल दुपारी कुणीतरी मागून त्यांच्या डोक्यात घाव घातला होता, आणि आज सकाळी पुतण्याला ते कपाटासमोर पालथे सापडले होते.

प्रेत हलवलं होतं. गालिच्यावरचा डाग मात्र तसाच होता. टेबलावर रिकामं खोकं, आणि खाली सगळीकडे सांडलेला, नाजूक वस्तू भरताना घालतात तो लाकडाचा किस.

"काय चोरीला गेलंय, तेवढं सांगा," श्वेंडा म्हणाले.

व्हालेरीनं कपाट पाहिलं. वर घागरा फुलवून नाचणाऱ्या बायका, खाली नारिंगी कुरळ्या केसांचे मुखवटे. मधल्या फळीवर कपाटाचा खरा प्राण: हातभर उंचीची चार उघडी, गुबगुबीत बाळं, पांढरीशुभ्र, काळ्या चौकोनी बैठकीवर उभी, आणि प्रत्येकाच्या कवेत आपापल्या ऋतूचं ओझं. फुलं, कणसं, द्राक्षं, आणि शालीत गुरफटलेल्या शेवटच्याकडे बोडक्या काटक्या.

"काही नाही," ती म्हणाली. "सगळं आहे."

"हत्यारही सापडत नाही. काहीतरी जड, चौकोनी."

व्हालेरीचं लक्ष नव्हतं. तिच्या धंद्यातल्या माणसाला एक खोड असते: मूर्ती हाती आली की तोंड बघायच्या आधी ती उलटी करून बूड बघायचं. कार्यशाळेचा ठसा बुडावर असतो. तिनं हिवाळ्याला दोन्ही हातांनी बैठकीखालून धरून उचललं, नेहमीसारखं उलटं केलं, आणि थांबली.

बुडाच्या भोकातून तिच्या मनगटावर पाणी ठिबकत होतं.

२

"बशी," व्हालेरी म्हणाली. "लवकर."

श्वेंडांनी बशी आणली. करडं पाणी थेंबथेंब जमत राहिलं.

"भट्टीत मूर्ती फुटू नये म्हणून आतून पोकळ ठेवतात आणि वाफेला बुडाशी भोक ठेवतात," ती हळूच म्हणाली. "ही मूर्ती बुडवून धुतलीय, इन्स्पेक्टरसाहेब. काल."

"धूळ बसली असेल."

"श्टीग्लरसाहेब कोरड्या कुंचल्यानं झटकायचे. पाण्याचं नाव काढलं तर चिडायचे." तिनं बोटाच्या पेरानं वसंतावर टिचकी मारली. खणखणीत, घंटेसारखा आवाज आला. उन्हाळ्याचाही, पानगळीचाही तसाच. मग हिवाळ्यावर मारली. लाकडावर मारल्यासारखा बद्द आवाज. "आत तडा गेलाय. वरून दिसत नाही. हेच तुमचं जड आणि चौकोनी."

श्वेंडांनी त्या गुबगुबीत चेहऱ्याकडे पाहिलं आणि टोपी दुसऱ्या हातात घेतली.

"आणि आणखी एक. ही चुकीची उभी आहेत."

"म्हणजे?"

"डावीकडून बघा. पानगळ, हिवाळा, वसंत, उन्हाळा. श्टीग्लरसाहेब म्हणायचे, वर्ष फुलांनी सुरू होतं आणि काटक्यांनी संपतं, माणसासारखं. इतकी वर्षं मी वसंत पहिला बघत आलेय."

"मारेकरी घाईत होता, बाई. ठेवली कशीही."

"तो किस बघा. साहेब ही चारही उतरवून खोक्यात भरायला बसले होते. ज्यानं मारलं, त्यानं एकूण एक पुन्हा कपाटात लावली. म्हणजे ही कुठे जायला निघाली होती, हेच त्याला लपवायचं होतं. आणि लावताना हात आपसूक जसा गेला तशी लावली."

"कुणाकडे जायला निघाली होती?"

शेजारच्या खोलीत दोघं जण बसवून ठेवले होते, त्यांना आधी विचारू असं ठरलं.

पुतण्या गेर्नोट श्टीग्लर दातांचा डॉक्टर. माणसाकडे बघताना तो तोंडाकडेच बघायचा. "ती चार नागडी पोरं? ऋतू आहेत होय ते? मला वाटलं, एकाच पोराचे चार फोटो असावेत तशी आहेत."

"काल दुपारी कुठे होतात?"

"रुग्णाच्या दाढेत. खोटं वाटत असेल तर त्याला विचारा, अजून विव्हळत असेल."

दुसरे नेमेट्झ, जुन्या वस्तूंचे व्यापारी. या चार बाळांसाठी ते वर्षानुवर्षं श्टीग्लरांच्या दाराशी खेटे घालत होते. पाण्याची हकीकत ऐकून ते खरोखर दुखावले गेले.

"धुतली? भोकातून पाणी आत गेलं की महिनाभर निघत नाही, तडा वाढतो. ट्रॉयरबाई, तुम्ही मला ओळखता. खून मी एक वेळ केला असता. पण धुतली नसती."

"तेच मीही म्हणणार होते," व्हालेरी म्हणाली. नेमेट्झ सुटले. ऋतूच ठाऊक नसलेला गेर्नोटही तिच्या हिशेबी सुटला.

जाता जाता तिनं गेर्नोटला विचारलं, "काकांकडे आली कुठून ही?"

या प्रश्नाला तिच्या धंद्यात बंदी असल्यासारखंच होतं. ठसा बघायचा, तडा बघायचा, आणि 'आधी कुणाकडे होती' हे विचारायचं नाही. विचारलंच तर सगळे एकच उत्तर देत: घरातलीच आहे.

"युद्धाच्या दिवसांत घेतली," गेर्नोट पहिल्यांदाच जमिनीकडे बघत म्हणाला. "खालच्या मजल्यावरच्या लोकांची होती. ते लोक परदेशी गेले."

श्वेंडांनी दार लावून घेतलं. "त्या लोकांचं नाव ऑर्नस्टाइन. आणि त्यांची मुलगी याच आठवड्यात लंडनहून आलीय. काल ती इथे होती. हावलिकबाईंनी तिचा आरडाओरडा ऐकलाय."

३

"ऐकला म्हणजे? भिंती हलल्या," फ्राऊ हावलिक म्हणाल्या. त्यांनी हात एप्रनला पुसले नव्हते. लाल, सुजलेले हात तसेच पोटाशी धरून त्या आपल्या तळमजल्याच्या दारात उभ्या होत्या. आत टेबलावर चर्चमधल्या पोशाखातल्या मुलीचा फोटो होता. "नको मला तुमच्या बाहुल्या, असं किंचाळत होती. साहेब बिचारे गप्प. मग धाडकन दार आपटलं."

"तुम्ही तेव्हा कुठे होतात?"

"शुक्रवारी मी कुठे असते? जिन्यावर."

"ऑर्नस्टाइन मंडळी तुम्हाला आठवतात?" व्हालेरीनं विचारलं.

"मला कशी आठवतील? आम्ही युद्ध संपल्यावर आलो इथे." त्यांचा स्वर सपाट होता. "परदेशी गेले म्हणतात. पैसेवाले होते. पैसेवाल्यांना काय, कुठेही जाता येतं."

दुसऱ्या मजल्यावर फ्राऊ झेडलाक राहायच्या. शाळामास्तरांची विधवा, ऐंशीच्या पुढची. बसण्याच्या खोलीत एवढा मोठा काळा पियानो होता की माणसांनी त्याच्या कडेकडेनं राहावं.

"वाजवता?" व्हालेरीनं विचारलं.

"छे. मला कुठलं येतं." म्हातारीनं घाईघाईनं केकचा तुकडा कापला. "जड आहे. हलवायचा म्हणजे माणसं लागतात. तेव्हापासून आहे तिथेच."

"केव्हापासून?"

"ते लोक गेले तेव्हापासून. कुणीतरी सांभाळायलाच हवा होता ना? घ्या, बेदाणे घातलेत." थोड्या वेळानं, कुणी काही न विचारता, ती पियानोच्या पायाकडे बघत म्हणाली, "पोरगी छान गायची, धूळ झटकताना."

"ऑर्नस्टाइनांची?"

"ती तर एवढीशी. कामाची पोरगी हो. शुक्रवारी यायची. शुक्रवारी त्यांच्याकडे सगळं लखलखीत लागायचं."

"नाव काय तिचं?"

म्हातारीच्या हातातली सुरी थांबली. मग तिनं केकच्या ताटलीवर झाकण ठेवलं.

"या वयात मला माझंच नाव आठवत नाही," ती म्हणाली. "आता तुम्ही जा."

४

लिली ऑर्नस्टाइन कॉफीगृहाच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली होती. दाराजवळ साध्या कपड्यातला एक पोलीस वर्तमानपत्राचं एकच पान केव्हाचा वाचत होता. चाळिशीची, सडपातळ बाई. अंगावर चांगल्या लोकरीचा कोट. पण ती बोलू लागली तेव्हा व्हालेरी चमकली. तिची भाषा सहा वर्षांच्या मुलीची होती. त्या वयात तिला आगगाडीत बसवून इंग्लंडला पाठवलं, आणि भाषा तिथेच थांबली.

"ते पोलीसकाका मला घरी जाऊ देत नाहीत," ती म्हणाली. मग स्वतःच ओशाळून हसली. "मोठ्यांसारखं कसं म्हणतात ते मला ठाऊक नाही."

"पासपोर्ट घेतलाय त्यांनी?"

"हो. सोमवारी मला पकडणार आहेत. तसं म्हणाले नाहीत, पण मला चॉकलेट दिलं. मोठी माणसं चॉकलेट देतात तेव्हा वाईट असतं."

व्हालेरीनं तिच्यासाठी आणखी एक कॉफी मागवली. दुसरं काय करावं ते तिला सुचलं नाही.

"श्टीग्लरसाहेबांनी तुम्हाला का बोलावलं?"

"ते मरणार होते. डॉक्टरांनी सांगितलेलं. म्हणाले, बाळं घेऊन जा. मी म्हटलं, नकोत मला. मला फक्त एक गोष्ट सांगा." तिनं कप दोन्ही हातांत धरला. "माझे आईबाबा परदेशी गेले नाहीत. ते कोळशाच्या तळघरात लपले होते, त्याच घरात. सगळा हिवाळा. मग कुणीतरी दाखवून दिलं. कुणी, ते मला हवंय. या घरात मी ज्याला ज्याला विचारलं, तो म्हणतो परदेशी गेले. पत्ता लिहून ठेवायला विसरल्यासारखे."

"आणि श्टीग्लरसाहेब?"

"ते रडले. खिडकीतून पाहिलं म्हणाले. पण नाव सांगेनात. मग मी ओरडले. मग ते म्हणाले, उद्या ये. आधी त्या माणसाशी बोलतो. त्यानं स्वतःच सांगायला हवं." ती थांबली. "तो उद्या म्हणजे आज."

श्टीग्लर कुणाशी बोलले, हे आता कोण सांगणार? आणि न्यायाधीशासमोर उरलं काय? किंचाळणारी परकी बाई, आपटलेलं दार, फुटलेलं डोकं.

"ती बाळं तुमच्या घरी कुठे असायची, आठवतं?"

"शेगडीवर. खोली तापवायची, हिरव्या फरशांची उंच शेगडी होती. मला खालून त्यांचे तळपायच दिसायचे. हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद." तिचा चेहरा पहिल्यांदा सैलावला. "बाबा म्हणायचे, आपलं वर्ष द्राक्षवाल्यापासून सुरू होतं. आमचं ज्यूंचं नवं वर्ष पानगळीत येतं ना. सफरचंद मधात बुडवून खायचं. म्हणून द्राक्षवालं पहिलं. मग काटक्यांचं. मग..."

"फुलांचं," व्हालेरी म्हणाली, "आणि शेवटी कणसांचं."

"तुम्हाला कसं कळलं?"

काल दुपारी ज्या हातांनी बाळं कपाटात लावली, त्यांना ऑर्नस्टाइनांच्या शेगडीवरचा क्रम ठाऊक होता. तो ठाऊक असलेलं एकच माणूस जिवंत होतं, आणि ते समोर बसून साखर ढवळत होतं.

ही गोष्ट तिनं श्वेंडांना सांगितली, तर लिलीला पकडायला सोमवारपर्यंतही वाट बघावी लागणार नव्हती.

५

तिनं सांगितली नाही. निदान लगेच नाही. आधी ती पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेली.

हिवाळ्यातून निथळलेलं पाणी बशीत तसंच राहिलं होतं. एव्हाना ते आटत आलं होतं आणि काठाला करडी, चिकट साय धरली होती. बोट फिरवलं तर वाळूचे बारीक कण लागले. व्हालेरीनं बशी नाकाशी नेली.

सकाळी हा साबणाचा वास तिला आला नव्हता. येणार कसा? सगळा जिना चढून आलेल्या नाकात तोच भरलेला होता.

तिनं स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. नळाला स्वच्छ पाणी, खाली भांड्यांची पांढरी पूड. जवसाच्या साबणाचा मागमूस नाही. चार पावलांवर वाहता नळ असताना कुणी मूर्ती जिन्याच्या बादलीत का बुडवेल?

नेमेट्झ बुडवणार नाही, गेर्नोट बुडवणार नाही. लिलीला घाबरल्या घाबरल्या रक्त धुवायचं असतं, तर ती समोर दिसणाऱ्या नळाकडे धावली असती. जिना घासलेलं, वाळूमिश्रित पाणी असलेली बादली ज्याच्या हाताला नळापेक्षा जवळची वाटते, असं माणूस या घरात एकच होतं.

आणि शुक्रवारी धूळ झटकताना गाणारी पोरगी. जिचं नाव झेडलाकबाईंना आठवत नव्हतं, कारण ते त्या रोज जिन्यात घ्यायच्या.

"हे सगळं तर्कट आहे, बाई," ऐकून घेतल्यावर श्वेंडा म्हणाले. "बादली जिन्यात पडलेली असते, कुणीही बुडवेल. क्रम तर ऑर्नस्टाइनबाईंच्याच गळ्याशी येतो. हावलिक म्हणते, ती युद्धाच्या काळात इथे नव्हतीच. तुम्ही सिद्ध कसं करणार?"

"तिला मदतीला बोलावून."

फ्राऊ हावलिक कुरकुरतच वर आल्या. लिलीला श्वेंडांनी आधीच आणून खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं होतं. तिच्याकडे फ्राऊ हावलिकांनी पाहिलंच नाही.

चारही बाळं टेबलावर वेडीवाकडी पडली होती. उन्हाळा आडवा, हिवाळा वसंताच्या मागे. गालिचा गुंडाळून नेला होता.

"माझी पाठ धरलीय," व्हालेरी म्हणाली. "ही तेवढी त्या कोपऱ्यातल्या शेगडीवर ठेवून देता का? कपाट मोहोरबंद करायचंय."

"मी? मोडलं बिडलं तर?"

"मोडलं तर माझ्या नावावर."

"साहेबांच्या पुतण्याला सांगा ना. दातच उपटतो, हात रिकामेच असतात त्याचे." पण बोलता बोलता त्या टेबलाशी गेल्याही होत्या. व्हालेरी त्यांच्याशी बोलत राहिली. धुक्याबद्दल, कोळशाच्या भावाबद्दल, त्यांच्या मुलीबद्दल.

"शाळेत शिकवते ती," फ्राऊ हावलिक म्हणाल्या. "वसंतात लग्न आहे. मुलगा बरा आहे, जरा बुटका. पण बुटकी माणसं टिकतात."

हात आपलं काम करत होते. जिने घासून भेगाळलेले ते हात मूर्तीला भिडताच मऊ झाले. दोन्ही तळवे बैठकीखाली, अंगठे बाहेर वळवलेले, नाजूक द्राक्षांना ओझरता स्पर्शही नाही. अशी मूर्ती उचलायला व्हालेरीला पुरी दोन वर्षं लागली होती.

द्राक्षवालं बाळ डाव्या टोकाला गेलं. त्याच्या शेजारी काटक्यांचं. मग फुलांचं, जरा आत वळवून. कणसांचं बाळ ठेवून फ्राऊ हावलिक एक पाऊल मागे झाल्या आणि रांग सरळ आहे ना, ते मान तिरकी करून पाहिलं.

खिडकीजवळची खुर्ची करकरली. लिली उठून उभी राहिली होती.

"असंच," ती म्हणाली. "अगदी असंच होतं."

६

फ्राऊ हावलिकांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. कुणा दुसऱ्यानं ते आपल्याला चिकटवून दिले असावेत, तसं.

"कुणी शिकवलं हे?" व्हालेरीनं विचारलं. "वसंत पहिला, असं श्टीग्लरसाहेबांच्या कपाटात होतं. पानगळ पहिली एकाच घरात होती. ती शेगडी खालच्या मजल्यावर होती."

"असेल. योगायोग."

"काल तुम्ही याच क्रमानं लावलीत. हिवाळा तुमच्या बादलीत धुतलात, तुमच्या जिन्याची वाळू त्याच्या पोटात निघाली. श्टीग्लरसाहेब तुमच्याशीच बोलले ना? तू सांग, नाहीतर मी सांगतो, असं."

श्वेंडा दाराला पाठ लावून उभे होते. खाली कुणीतरी जिना चढत होतं, मध्येच थांबलं, आणि परत खाली गेलं. झेडलाकबाई असाव्यात. या घरात भिंतींना कान होते, तोंड तेवढं नव्हतं.

फ्राऊ हावलिक अंगातलं वारं गेल्यासारख्या टेबलाच्या कडेवर टेकल्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या. साहेबांना मी मारलं."

इतक्या सहज म्हणाल्या की श्वेंडांना पेन्सिल सापडेना.

"पाठ करून बसले होते, खोकं भरत. म्हणे, पोल्डी, आता आपल्या दोघांचं वय झालं. आपल्या दोघांचं. मी जिना पुसायचा आणि ह्यांनी ती बाळं तीस वर्षं कपाटात ठेवून कॉफी प्यायची, आणि वय मात्र दोघांचं. म्हणे, तुझ्या मुलीलाही कळलं पाहिजे. मुलीचं नाव काढलं तेव्हा हातात काय आलं ते मी पाहिलं नाही." त्यांनी नाक ओढलं. "मग सवयीनं धुतलं. डाग पडला की धुवायचा. झालं. चला, कुठे न्यायचं तिथे न्या."

त्या उठल्याही. कोटाची गुंडी लावू लागल्या. श्वेंडा पुढे झाले, आणि व्हालेरीच्या लक्षात आलं की ही बाई घाईत आहे. खुनाचा कबुलीजबाब देऊन तिला इथून लवकर सुटायचं आहे.

लिली मध्ये येऊन उभी राहिली. तिनं हात वगैरे धरला नाही. नुसती उभी राहिली.

"मी ते विचारलं नव्हतं," ती म्हणाली.

"काय विचारलं नव्हतं?"

"त्या काकांचं. मी दुसरं विचारलं होतं. सगळ्यांना."

"मला काही विचारलं नाहीस."

"पहिल्या दिवशी विचारलं. जिन्यात. तुम्ही म्हणालात, परदेशी गेले. आणि म्हणालात, कडेनं जा."

फ्राऊ हावलिक गुंडी लावत राहिल्या. ती लागत नव्हती. व्हालेरीला वाटलं, आता ही मटकन बसेल, किंवा ओरडेल, किंवा पुन्हा तेच सांगेल. युद्धानंतर आलो, पैसेवाले होते. श्वेंडांनी घसा खाकरला. व्हालेरीनं त्यांना नुसत्या नजरेनं गप्प केलं.

"तुझी आई मला अंगठे बाहेर ठेवायला शिकवायची," फ्राऊ हावलिक कोटाशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "रागवायची नाही. एकदा पान तुटलं द्राक्षाचं, तर स्वतःच चिकटवलं आणि बाबांना सांगू नको म्हणाली."

लिलीनं शेगडीवरच्या द्राक्षवाल्या बाळाकडे पाहिलं.

"मी सतरा वर्षांची होते. आई रखवालदारीण होती इथली. तळघरात कुणी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. झेडलाकना ठाऊक होतं, साहेबांना ठाऊक होतं. रात्री खोकला ऐकू यायचा. कुणी काही म्हणायचं नाही. मग एक दिवस तो माणूस आला, चामड्याच्या कोटातला. दारात मीच होते. त्यानं मला काही धमकी दिली नाही. मारलं नाही. नुसतं विचारलं."

खिडकीबाहेर धुकं तसंच होतं. फ्राऊ हावलिकांनी अखेर मान वर केली आणि पहिल्यांदाच लिलीच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"ते परदेशी गेले नाहीत," त्या म्हणाल्या. "त्यांना नेलं. तळघराचं दार मी दाखवलं. त्यानं माझ्या गालाला हात लावून शाबास म्हटलं, आणि तोवर मला कुणी कधी शाबास म्हटलं नव्हतं."